वाचक विचारतात : जबड्याच्या ऑपरेशनची घाई कुणी करावी, कुणी नाही

मागच्या महिन्यात याच पानावर वेड्यावाकड्या दातांबद्दल लिहिलं होतं. त्यात जाता जाता एक वाक्य होतं, की काही वेळा दोष दातांचा नसतोच, ते ज्या हाडात बसलेत त्या जबड्याचा असतो. पत्रं आली ती बहुतेक सगळी त्या एका वाक्यावर. गडहिंग्लजपासून शिरोळपर्यंत कोल्हापूर जिल्ह्यात इतक्या घरांत खालच्या जबड्याची चिंता चालू आहे, हे दवाखान्यात बसूनही माझ्या इतकं लक्षात आलं नव्हतं. सगळ्यांना विचारायचं आहे ते "कोणतं ऑपरेशन?" मला मात्र बहुतेकांना आधी "कधी?" हे सांगावं लागणार आहे. पत्रं थोडी आवरून घेतली आहेत, नावं गाळली आहेत.

मुलगी वीस वर्षांची आहे, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. तिचा खालचा जबडा पुढे आहे, खालचे दात वरच्या दातांच्या बाहेर येतात. एका डॉक्टरांनी सांगितलं खालचा जबडा मागे घेऊया, दुसरे म्हणाले वरचा पुढे घेऊया. दोघंही म्हणतात, आधी वर्ष-दीड वर्ष क्लिप लावा. आम्हाला पुढच्या दिवाळीनंतर तिचं लग्न करायचं आहे. क्लिपशिवाय एका ऑपरेशनात काम होत नाही का? नक्की कुणाचं ऐकायचं?
एक आई, गडहिंग्लज

ताई, दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या म्हणजे त्यातला एक फसवतोय असं धरून चालू नका. खालचे दात बाहेर दिसले की घरातले सगळे खालच्या जबड्याला बोल लावतात. पण वरचा जबडा वाढीत मागे राहिला तरी चित्र अगदी हेच दिसतं. पुष्कळ पेशंटमध्ये दोन्ही थोडं थोडं असतं, वरचा जरा मागे, खालचा जरा पुढे. लहानपणी फाटलेली टाळू शिवून घेतलेल्या मुलांत तर "जबडा पुढे आलाय" म्हणून आणतात आणि खालचा जबडा बिचारा जागच्या जागी असतो. तुम्ही मुलीकडे समोरून न बघता बाजूने बघा. नाकपुडीच्या शेजारचा गालाचा भाग सपाट, आत बसल्यासारखा वाटतो का? वाटत असेल तर वरच्या जबड्याची शंका घ्यायला हवी. अर्थात निकाल डोळ्यांनी लावायचा नसतो. बाजूने काढलेला डोक्याचा एक्स-रे असतो, त्याला आम्ही सेफॅलोग्राम, थोडक्यात सेफ, म्हणतो, तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. त्यावर कोन आणि अंतरं मोजून ठरतं की कोणतं हाड किती मिलिमीटर चुकलंय. दोन्ही डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "सेफवर काय आलं?" जो कागद समोर ठेवून दाखवेल, त्याचं ऐका.

आता खालचा जबडा मागे घेतात म्हणजे काय करतात ते सांगते, कारण बहुतेकांना वाटतं की पुढून हनुवटी छाटतात. कापायचं असतं ते मागे, शेवटच्या दाढांच्या पलीकडे, जिथून जबडा वर कानाकडे वळतो तिथे. तेही तोंडाच्या आतून, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहत नाही. या हाडाच्या आतून एक नस जाते, खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी. हाड सरळ आरपार कापलं तर ती तुटेल. म्हणून हाडाच्या आतल्या बाजूला वर एक आडवा काप घेतात, बाहेरच्या बाजूला दुसऱ्या दाढेजवळ एक उभा काप घेतात, दोन्ही जोडतात आणि मग हाड उभं चिरतात. भिजवलेल्या शेंगदाण्याच्या दोन डाळी एकमेकींवरून सरकाव्यात तसे दोन थर सरकतात. दात असलेला आतला थर मागे किंवा पुढे जातो, सांध्याला जोडलेला बाहेरचा थर जागेवर राहतो, आणि नस दातांच्या थराबरोबर शाबूत जाते. दोन्ही थरांचं हाडाला हाड भरपूर लागलेलं असल्यामुळे ते लवकर जुळतं. टायटॅनियमच्या छोट्या प्लेट आणि स्क्रू लावले की झालं. याला सॅजिटल स्प्लिट म्हणतात, आणि पुढे असो की मागे, खालचा जबडा सरकवायचा तर आज बहुतेक ठिकाणी हेच करतात.

ही युक्ती काही एका दिवसात सुचलेली नाही. 1849 मध्ये अमेरिकेतल्या व्हीलिंग गावी सायमन हलिहेन यांनी एका तरुणीचा जबडा कापला होता. लहानपणीच्या भाजण्यामुळे मानेची कातडी आखडली होती आणि जबडा खाली ओढला जाऊन लांबला होता. त्यांनी पुढच्या भागातले हाडाचे तुकडे काढून दात मागे बसवले. पुढे शंभर वर्षं लोक जबडा निरनिराळ्या जागी कापत राहिले, कुणी मधोमध, कुणी बाहेरून गालाखाली चीर देऊन. हाड नीट जुळत नसे, जबडा परत जुन्या जागी जाई. ट्रॉनर आणि ओब्वेगेसर या ऑस्ट्रियन सर्जननी तोंडातून हाड उभं चिरण्याची पद्धत 1957 मध्ये इंग्रजीत मांडली आणि तिथून हा विषय बदलला. 1961 मध्ये इटलीच्या दाल पाँत यांनी बाहेरचा काप आणखी पुढे आणला, त्याने हाडांना एकमेकांवर टेकायला जास्त जागा मिळाली. तुमच्या मुलीचं झालंच, तर त्याच्याच थोड्या सुधारलेल्या रूपात होईल.

जबडा फक्त मागे घ्यायचा असेल तर आणखी एक रस्ता आहे. मागच्या उभ्या हाडात, नस जिथे शिरते त्याच्याही मागून वरून खालपर्यंत काप द्यायचा. नसेला धोका कमी. पण त्यात सहसा प्लेट लावत नाहीत, म्हणून काही आठवडे वरचे-खालचे दात बांधून ठेवावे लागतात. विशीतल्या मुलीला तोंड बांधून बसवायचं म्हणजे घरच्यांची परीक्षा. मी ते कमी वेळा सुचवते.

तुमचे दुसरे डॉक्टर वरचा जबडा पुढे घ्या म्हणाले, त्यामागे कदाचित एक कारण आहे जे त्यांनी तुम्हाला उलगडून सांगितलेलं दिसत नाही. जीभ खालच्या जबड्याला धरलेली असते. जबडा फार मागे नेला की जीभही मागे जाते आणि घशातली हवेची वाट अरुंद होते. वजन जास्त असलेल्या माणसात यातून घोरणं, झोपेत श्वास अडकणं सुरू होऊ शकतं. म्हणून अंतर मोठं असेल तर सगळा भार खालच्या जबड्यावर न टाकता थोडं वरचा पुढे, थोडं खालचा मागे असं वाटून घेतात.

राहिली क्लिप. ताई, इथे मी तुमच्या बाजूने बोलू शकत नाही. जबडे चुकीच्या जागी असले की दात आपापल्या परीने जुळवून घेतात. तुमच्या मुलीचे खालचे पुढचे दात आत झुकलेले असतील आणि वरचे बाहेर. त्याच अवस्थेत जबडा सरकवला तर दात आधी एकमेकांवर आपटतात आणि हाड हवं तितकं हलवताच येत नाही. क्लिपने प्रत्येक दात आपल्या हाडावर सरळ उभा करायचा असतो. याचा परिणाम असा होतो की क्लिप लावल्यावर काही महिन्यांनी मुलगी आधीपेक्षा वाईट दिसायला लागते. खालचे दात आणखी बाहेर येतात. शेजारणी "अगंबाई, पैसे घालून हे काय करून घेतलंस" म्हणतात. तो उपचाराचा भाग आहे हे आधी माहीत नसलेल्या कितीतरी मुली तिथेच क्लिप काढून टाकतात. आधी ऑपरेशन आणि नंतर क्लिप अशीही पद्धत आता निवडक पेशंटमध्ये करतात, पण त्यातही क्लिप चुकत नाही, फक्त मागे जाते.

हिशेब मांडा. क्लिपची वर्ष-दीड वर्षं, मग ऑपरेशन, त्यानंतर बारीकसारीक जुळणीसाठी आणखी साधारण सहा महिने. खालच्या अक्कलदाढा असतील तर त्या ऑपरेशनच्या सहाएक महिने आधी काढून घ्याव्या लागतात, कारण आपण हाड चिरणार नेमकं तिथेच. पुढची दिवाळी यात बसत नाही. कुणी बसवून देतो म्हणाला तर मला भीती वाटेल. लग्न मध्ये झालं तरी उपचाराचं काही बिघडत नाही, क्लिप लावलेल्या नवऱ्या आता महाद्वार रोडला बस्ता बांधताना सर्रास दिसतात. फक्त मुलाकडच्यांना आधी सांगा. आणि एवढ्या लांब पत्रात मुलगी स्वतः काय म्हणते ते एका ओळीतही आलेलं नाही. तिला घास तोडता येतो का, तिला हे करून घ्यायचंय का, हे तिला एकटीला बसवून विचारा.

आमचा मुलगा चौदा वर्षांचा. जबडा दिवसेंदिवस पुढे येतोय. वर्गात पोरं चिडवतात, म्हणून शाळेला जात नाही म्हणतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत ऑपरेशन उरकून टाकावं म्हणतोय.
एक वडील, कागल

दादा, उरकू नका. खालचा जबडा हे चेहऱ्यातलं सगळ्यात उशिरापर्यंत वाढणारं हाड. मुलींत सोळा-सतरापर्यंत, मुलांत अठरा-वीसपर्यंत, आणि ज्यांचा जबडा मुळात पुढे असतो त्यांच्यात कधी कधी त्याहूनही पुढे वाढ चालते. चौदाव्या वर्षी मागे घेतलेला जबडा सतराव्या वर्षी पुन्हा पुढे असेल, आणि मग दुसरं ऑपरेशन, तेही आधीच्या व्रणातून. वाढ थांबली हे वयावरून ठरवायचं नाही. सहा महिने ते वर्षाच्या अंतराने दोन सेफ काढायचे, एकमेकांवर ठेवायचे, फरक शून्य आला की मग बोलायचं.

वरचा जबडा मागे असलेल्या मुलांना सात ते दहा वर्षांच्या दरम्यान चेहऱ्यावर बाहेरून लावायचा एक मास्क देतात, त्याने वरचं हाड पुढे ओढलं जातं. तुमच्या मुलाचं ते वय निघून गेलंय, पण घरात धाकटं भावंड असेल आणि त्याचेही खालचे दात बाहेर असतील तर त्याला मात्र आत्ताच दाखवा. हा दोष घराण्यात उतरतो. युरोपातल्या हाब्सबुर्ग राजघराण्याचा पुढे आलेला जबडा पिढ्यान्‌पिढ्या चित्रांत दिसतो. स्पेनचा दुसरा कार्लोस, 1700 मध्ये वारला तो, त्याला घास नीट चावता येत नसे. नात्यात लग्नं करण्याची त्यांची हौस, त्याचं फळ.

चिडवण्यावर माझ्याकडे सुरी नाही. वर्गशिक्षकांना भेटा, मुलासमोर नाही, त्याच्या पाठीमागे.

माझी मुलगी सात वर्षांची. तोंडात एक बोटसुद्धा सरळ जात नाही. भाकरी कुस्करून गालातून आत सारते. तीन वर्षांची असताना जिन्यावरून पडून हनुवटीला टाके पडले होते, त्यानंतर हळूहळू असं झालं. डावा गाल चपटा झालाय, हनुवटी उजवीकडे गेलीय. गावातले म्हणतात मोठी झाल्यावर बघू, डावी बाजू वाळलीय म्हणून मालिश करतोय.
एक आई, शिरोळ तालुका

ताई, मघाच्या दादांना मी थांबा म्हटलं. तुम्ही थांबू नका. हे पान वाचून झालं की लगेच निघा.

हनुवटीवर पडलं की मार लागतो कानापुढच्या सांध्याला. टाके हनुवटीला पडतात, सगळ्यांचं लक्ष तिथे असतं, आणि आत सांध्याचं डोकं चेंगरलंय हे कुणाच्या ध्यानात येत नाही. लहान मुलांत त्या जागी रक्त साकळतं आणि त्याचं हाड बनून जबडा कवटीला चिकटतो. कान फुटून पू वाहत राहिला तरी असं होऊ शकतं. याला अँकिलोसिस म्हणतात. आपल्या देशात हे अजून बरंच दिसतं, कारण पडल्यावर तोंड हलवायला लावायचं असतं हे घरच्यांना कुणी सांगत नाही.

आणि मालिश चुकीच्या बाजूला चाललंय. हनुवटी ज्या बाजूला वळलीय, ती आजारी बाजू. तुमच्या मुलीची उजवी. उजवीकडचं हाड वाढायचं थांबलं म्हणून ते आखूड राहिलं, गालाचं मांस त्याच्यावर गोळा होऊन ती बाजू भरलेली दिसते. डावी बाजू धडधाकट आहे, तीच वाढत राहिली आणि ताणली गेल्यामुळे चपटी दिसते. भल्याभल्यांची इथे फसगत होते.

घाई एवढ्यासाठी की सात वर्षांच्या मुलीचं पोट कुस्करलेल्या भाकरीवर भरत नाही, दात घासता येत नाहीत म्हणून ते किडतात, जबडा मागे राहिल्यामुळे झोपेत श्वास अडकतो. उद्या तिला उलटी झाली आणि तोंड उघडलंच नाही तर? शिवाय जितकी वर्षं सांधा बंद, तितका चेहरा वाकडा.

ऑपरेशनमध्ये कानापुढे चीर देऊन चिकटलेलं हाड मोकळं करतात. नुसता काप देऊन भागत नाही, चांगली फट ठेवावी लागते, नाहीतर हाड पुन्हा जुळतं. फटीत कानशिलाच्या स्नायूचा पदर घालतात. बऱ्याच मुलांत बरगडीचा एक तुकडा, टोकाला कुर्चा असलेला, सांध्याच्या जागी बसवतात, म्हणजे तो मुलीबरोबर वाढेल. वाढेलच याची हमी कुणी देत नाही, कधी तो कमी वाढतो, कधी नको इतका. अमेरिकेतल्या कबान आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये याचे टप्पे क्रमवार लिहून ठेवले, जगभर थोड्याफार फरकाने तेच पाळतात. टेबलावरच तोंड पुरेसं उघडतंय का ते मोजायचं, उघडत नसेल तर स्नायू ओढून धरणारं हाडाचं टोकही काढायचं, आधी त्याच बाजूचं, गरज पडली तर दुसऱ्या बाजूचंही. सगळ्यात अवघड काम माझ्या मते सर्जनचं नसून भूलतज्ज्ञांचं असतं. तोंड उघडत नाही, मग श्वासनळीत नळी घालायची कशी? नाकातून दुर्बीण घालून वाट बघत नळी सरकवावी लागते. म्हणून ज्या रुग्णालयात लहान मुलांसाठी ही सोय आणि सराव आहे, तिथेच जा. आधी विचारा, लाजू नका.

जबडा फारच आखूड राहिला असेल तर तो पुढे लांबवताही येतो. हाडाला काप द्यायचा, दोन्ही बाजूंना एक यंत्र बसवायचं, पाच-सात दिवस थांबायचं, मग रोज साधारण एक मिलिमीटर स्क्रू फिरवायचा. मधल्या फटीत नवं हाड तयार होत जातं. हव्या तितक्या लांबीला पोचलं की ते कडक होईपर्यंत यंत्र आणखी दोन महिने किंवा जास्त तसंच ठेवायचं. हात-पाय लांबवण्यासाठी ही पद्धत सोव्हिएत रशियात कुर्गान इथे इलिझारोव्ह यांनी बसवली. न्यूयॉर्कच्या मॅकार्थी यांनी मुलांच्या खालच्या जबड्यावर ती वापरून 1992 मध्ये प्रसिद्ध केली. जन्मतःच जबडा इतका छोटा की जीभ घशात पडून बाळ काळंनिळं पडतं, अशा तान्ह्यांनाही काही वेळा यानेच गळ्याला भोक पाडण्यापासून वाचवता येतं.

एक गोष्ट आत्ताच मनाशी ठरवून ठेवा. ऑपरेशननंतर व्यायाम. दिवसातून अनेकदा, महिनोन्‌महिने, मुलगी रडली तरी. लाकडी पट्ट्या दातांमध्ये एकावर एक सारत तोंड उघडायचं. दुखतं. आई कळवळून थांबली की सांधा परत चिकटतो. हे काम घरात कोण करणार ते निघण्याआधी ठरवा, आणि ते तुम्ही नसाल तरी चालेल, आजीचं काळीज कधी कधी जास्त घट्ट असतं. गावच्या शाळेत किंवा अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक येतं, त्यांनाही मुलगी दाखवा, पुढे पाठवण्याची सोय होते. ते येईपर्यंत थांबू मात्र नका. कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, म्हणजे सीपीआरला जाऊन कान-नाक-घसा आणि दंत विभागात दाखवा, एक्स-रे आणि सीटी स्कॅन झाला की पुढची दिशा कळेल.

सगळ्या वाचकांना सांगते: मूल हनुवटीवर पडलं तर दुसऱ्या दिवशी त्याचीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर दाखवा.

वय चौतीस. यंत्रमाग आहेत. हनुवटी लहानपणापासून मागे आहे, दाढी ठेवून झाकतो. बायको म्हणते फार घोरता, मधेच श्वास थांबतो. हनुवटीत सिलिकॉन बसवून घ्यावं का?
इचलकरंजी

मागांच्या खडखडाटातही ऐकू जाईल असं घोरत असाल तर आधी बायकोचे आभार माना, कारण मधेच श्वास थांबणं तिने सांगितलं. सिलिकॉनने दाढीची गरज संपेल, श्वासाला काही फरक पडणार नाही.

मागच्या हनुवटीची कारणं दोन. जबडा बरोबर, दात बरोबर, फक्त टोक छोटं असेल, तर दातांच्या मुळांच्या खालून हनुवटीचं हाड आडवं कापून तेवढाच तुकडा पुढे सरकवून प्लेट लावतात. आपलंच हाड असतं, सिलिकॉनपेक्षा मला ते बरं वाटतं. पण तुमचे वरचे दात खालच्यांच्या बरेच पुढे येत असतील तर पूर्ण जबडाच मागे आहे. मग सॅजिटल स्प्लिटने तोच पुढे आणायचा. त्याबरोबर जीभ पुढे येते, हवेची वाट रुंदावते. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास मोठा असेल तर वरचा आणि खालचा दोन्ही जबडे साधारण एक सेंटिमीटर पुढे आणतात, आणि या आजारावरच्या ऑपरेशनमध्ये हे सगळ्यात खात्रीचं समजलं जातं.

पण पहिली पायरी ऑपरेशन नाही. रात्रभराची झोपेची तपासणी करून घ्या. वजन किती ते तुम्ही लिहिलेलं नाही, यावरून मी अंदाज बांधला आहे. तेही उतरवा. नाकावर लावायच्या हवेच्या मशीनने भागत असेल तर हाडाला हात लावायची गरज नाही. हनुवटीचं त्यानंतर बघू.

पुढच्या महिन्यात माझं खालच्या जबड्याचं ऑपरेशन ठरलंय. तोंड तारेने बांधतात का? ओठ बधिर होतो म्हणतात, खरं का? आणि मॅडम, खायचं काय? सहा आठवडे मिसळ नाही, तांबडा रस्सा नाही, माणूस जगणार कसा?
एक विद्यार्थी, राजारामपुरी

जगतोस रे. तांबडा-पांढरा बंद नाही, चावणं बंद आहे. पांढरा रस्सा गाळून, कोमट करून प्यायला माझी ना नाही. मटणाचा अर्क, नारळाचं दूध, पोटाला चांगलंच. तांबड्याचं तिखट मात्र तोंडातले टाके सुकेपर्यंत नको, पहिल्या घोटालाच कळेल का ते. मिसळ राहिली, फरसाण भिजून कितीही मऊ झालं तरी.

पहिले काही दिवस सगळं पातळ: नाचणीची आंबील, ताक, डाळीचं गाळलेलं वरण, दूध-केळं मिक्सरमधून, अंडं घातलेलं दूध. सुईशिवायची मोठी सिरिंज आणि तिला रबरी नळी, ती गालाच्या आतून मागे सोडायची. स्ट्रॉने ओढू नका, टाक्यांवर ताण येतो. मग मऊ: गुरगुट्या भात, खिमट, मऊ मुगाची खिचडी, शिरा. हाड पक्कं व्हायला सहा आठवडे, तोवर भाकरीचा पापुद्रासुद्धा नाही. वजन पाच-सहा किलो उतरलं तर घाबरू नको. आईला सांग, दर दोन तासांनी थोडं थोडं दे. एकदम तांब्याभर नको.

तारेने बांधण्याचा काळ बहुतेक सरला. टायटॅनियमच्या प्लेट यायच्या आधी सहा आठवडे दात बांधून ठेवत, तेव्हाच्या गोष्टी तू ऐकल्या असशील. आता क्लिपला छोटे रबर लावतात, ते दातांना नव्या जागी बसायला शिकवतात, तोंड थोडं उघडतं. प्लेट आतच राहतात. त्रास दिला तर काढायच्या, नाहीतर जन्मभर. विमानतळावर सहसा वाजत नाहीत.

ओठाचं खरं आहे. नस तुटली नाही तरी हाड चिरताना ती ओढली-दाबली जाते, त्यामुळे शुद्धीवर आल्यावर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर असणं जवळपास ठरलेलंच. दंतवैद्याने सुई दिल्यावर असतं तसं. ओठ वाकडा होत नाही, हलतो नीट, फक्त कळत नाही. आठवड्यांनी मुंग्या येतात, महिन्यांनी जाण परत येते, वर्षापर्यंत सुधारत राहते. काही जणांत थोडा भाग कायमचा बधिर राहतो, वय जास्त असेल तर ही शक्यता जास्त. तू तरुण आहेस. तुला हे तुझ्या सर्जनने स्वतः सांगून सही घेतली पाहिजे. घेतली नसेल तर सही करण्याआधी तूच विचार. आणि पहिले काही महिने गरम चहा पिताना आरशासमोर बस, ओठ भाजला तरी कळणार नाही.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. त्या दिवसांत सेल्फी नको. ओळखू येण्याइतकी उतरायला दोन-तीन आठवडे.

थोडक्यात

*पठ्ठ्याचा जबडा दोन वर्षांपूर्वी जोर करताना मोडला, हळदीचा लेप लावून बसवला. आता दात एका बाजूलाच टेकतात. (एक वस्ताद)*

वस्ताद, मोडलेला कान पैलवानाला शोभतो, मोडलेला जबडा नाही. हाड वाकडं जुळलंय. जुन्या मोडीच्या जागीच पुन्हा कापून बसवायचं की मागून सॅजिटल स्प्लिट करायचं, हे सांधा मोडला होता की पुढचं हाड, यावर ठरेल. सीटी स्कॅन घेऊन पाठवा. त्यानंतर किमान तीन महिने अंगाला माती लावायची नाही, खासबागेत कुणाचीही जोड लागली असली तरी. खुराक पातळ चालेल, थंडाई तर चालतेच.

*विमा मिळतो का? (तिघांनी विचारलंय)*

"दिसण्यासाठी" असं कागदावर आलं की दावा फेटाळतात. चावता येत नाही, श्वास अडकतो, तोंड उघडत नाही, हे खरं असेल तर डॉक्टरांकडून ते मोजमापासह लिहून घ्या आणि ऑपरेशनच्या आधी कंपनीकडून लेखी मंजुरी मागवा. खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दंत महाविद्यालयांत ही ऑपरेशनं होतात. प्रवास आणि हेलपाटे मात्र धरून चाला.

*वय चोवीस. दोन-तीन वर्षांत हनुवटी हळूहळू डावीकडे सरकतेय. आधी अशी नव्हती. (हुपरी)*

तुमच्या उजव्या सांध्याचं टोक अजून वाढतंय अशी शंका येते. वाढ थांबायच्या वयात एकाच बाजूची वाढ चालू राहण्याचा हा आजार आहे. किरणोत्सारी औषध टोचून हाडांचा स्कॅन करतात, त्यात वाढणारी बाजू उजळ दिसते. वाढ चालू असेल तर सांध्याचा वरचा पट्टा काढून ती थांबवायची, थांबली असेल तर मग जबडा सरळ करायचा. हे आधी न बघता कुणी नुसती हनुवटी मधोमध आणली तर ती पुन्हा जाईल. येताना जुने फोटो आणा, समोरून काढलेले, वर्ष लिहून. दहावीच्या हॉलतिकिटावरचाही चालेल, आधार कार्डावरचाही.